झिर्कोनियम-१०० चा आकार : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

आजपासून विश्लेषणाच्या कामाला सुरुवात झाली, म्हणून प्रश्न नेमका काय आहे ते आधी लिहून ठेवतो. झिर्कोनियमच्या अणुकेंद्रकात ४० प्रोटॉन असतात. न्यूट्रॉनांची संख्या ५६ असताना (झिर्कोनियम-९६) कोनीय संवेग २ असलेली पहिली उत्तेजित पातळी १७५१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर (यापुढे केईव्ही) असते आणि ५८ असताना १२२३ केईव्हीवर. न्यूट्रॉन ६० झाले की तीच पातळी थेट २१२.५ केईव्हीवर येते आणि झिर्कोनियम-१०२ मध्ये १५२ केईव्हीपर्यंत उतरते. गोल अणुकेंद्रकाला या पातळीवर नेण्यासाठी बरीच ऊर्जा द्यावी लागते. लांबट अणुकेंद्रक थोडक्या ऊर्जेत फिरू लागते. केवळ दोन न्यूट्रॉनांच्या फरकाने ही ऊर्जा जवळजवळ एक षष्ठांश व्हावी, असा बदल अणुकेंद्रकांच्या संपूर्ण नकाशावर क्वचितच दिसतो.

बर्कलीच्या प्रयोगशाळेने १९७० साली कॅलिफोर्नियम-२५२ च्या विखंडनातून निघणारे गॅमा किरण मोजून या प्रदेशातील विरूपण (गोल आकारापासून ढळणे) दाखवून दिले. त्याला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. तरीही ‘आकार बदलतो’ असे आपण जे म्हणतो त्यात नेमके काय बदलते, हे मला पुरेसे स्पष्ट झालेले वाटत नाही. या प्रकल्पात मला जे तपासायचे आहे ते असे: गोल आकार ताणला जाऊन लांबट होत नाही, दोन्ही आकार एकाच अणुकेंद्रकात वेगवेगळ्या ऊर्जेवर शेजारी नांदतात आणि ५८ व ६० यांच्या दरम्यान त्यांचा क्रम उलटतो. हे खरे असेल तर त्याच्या खुणा पातळ्यांच्या मांडणीत सापडायला हव्यात.

आमच्याकडची विदा औष्णिक न्यूट्रॉनांनी घडवलेल्या युरेनियम-२३५ च्या विखंडनाची आहे आणि ती जर्मेनियम डिटेक्टरांच्या संचावर घेतलेली आहे. न्यूट्रॉन-समृद्ध अणुकेंद्रके मिळवण्याचा हा सर्वांत जुना आणि अजूनही अत्यंत उपयुक्त मार्ग आहे, कारण युरेनियममधील न्यूट्रॉनांचे आधिक्य त्याच्या तुकड्यांना आयतेच मिळते. आपल्याकडेही हे काम झालेले आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या गटाने तुर्भे येथील सायरस अणुभट्टीच्या न्यूट्रॉन शलाकेवर क्लोव्हर डिटेक्टर लावून याच विखंडनातील तुकड्यांचे गॅमा किरण अभ्यासले होते. सायरस २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली, परंतु तेथे मिळालेले निष्कर्ष आम्हाला पडताळणीसाठी उपयोगी पडतील.

१६ जानेवारी

ऊर्जा-अंशांकन पूर्ण केले. युरोपियम-१५२ च्या १२१.८, ३४४.३, ७७८.९, ९६४.१, १११२.१ आणि १४०८.० केईव्ही या रेषांवर वक्र बसवला. परंतु आमच्या कामाच्या बहुतेक रेषा १४० ते ६३० केईव्हीच्या पट्ट्यात येतात, म्हणून बेरियम-१३३ च्या ३०२.९, ३५६.० आणि ३८३.८ केईव्ही या रेषाही जोडल्या.

क्लोव्हर डिटेक्टरमध्ये एकाच शीतपात्रात जर्मेनियमचे चार स्फटिक असतात. एका स्फटिकात विखुरलेला गॅमा किरण शेजारच्या स्फटिकात शोषला गेला तर दोन्हींतील ऊर्जा मिळवून मूळ ऊर्जा परत मिळते. १००० केईव्हीच्या वरच्या रेषांना याचा मोठा लाभ होतो, २१२ केईव्हीच्या रेषेला फारसा नाही. त्यामुळे कार्यक्षमतेचा वक्र ही बेरीज करून आणि न करता असा दोन्ही प्रकारे काढून ठेवला आहे.

३० जानेवारी

झिर्कोनियम-१०० ची पट्टी (कोनीय संवेग ०, २, ४, ६, ८ अशा चढत्या पातळ्यांची शिडी) आज प्रथमच स्वच्छ दिसली, आणि ती कशी दिसली हे सविस्तर लिहिण्यासारखे आहे.

विखंडनाच्या विदेतला एकेरी वर्णपट वाचता येत नाही. शंभराहून अधिक प्रकारचे तुकडे एकाच वेळी किरण सोडत असतात आणि रेषांवर रेषा चढलेल्या असतात. म्हणून एकाच घटनेत किमान तीन किरण नोंदले गेले असतील अशाच घटना घेतल्या आणि त्यांतील दोन किरण ३५२ व ४९७ केईव्हीचे असावेत अशी अट घातली, कारण या झिर्कोनियम-१०० मधील ४ ते २ आणि ६ ते ४ या संक्रमणांच्या ज्ञात ऊर्जा आहेत. ही अट लागताच दाटीवाटीचा वर्णपट जवळजवळ रिकामा झाला आणि २१२.५ व ६२५.५ केईव्हीच्या रेषा ठळकपणे वर आल्या. तुकडे जाड लक्ष्यातच थांबतात. थांबण्यास लागणारा वेळ पिकोसेकंदाच्या आसपास असतो आणि पट्टीच्या खालच्या पातळ्या त्याहून पुष्कळ अधिक काळ टिकतात, म्हणून या रेषा डॉप्लर परिणामाने पसरत नाहीत.

विखंडनात प्रोटॉन उत्सर्जित होत नाहीत असे धरायला हरकत नाही, त्यामुळे दोन तुकड्यांच्या प्रोटॉनांची बेरीज ९२ च राहते. झिर्कोनियमचे ४० वजा केले की ५२ उरतात, म्हणजे जोडीदार टेल्युरियम. एकूण वस्तुमान २३६, त्यातून १०० गेले आणि सरासरी दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडले, म्हणजे टेल्युरियम-१३४ आणि त्याच्या आसपासचे समस्थानिक दिसायला हवेत. वर्णपटात टेल्युरियम-१३५ ची ११८० केईव्हीची रेषा आणि टेल्युरियम-१३४ ची १२७९ केईव्हीची रेषा दोन्ही आहेत. रेषा झिर्कोनियम-१०० चीच आहे याचा इतका भक्कम पुरावा दुसऱ्या कोणत्या पद्धतीत इतक्या सहज मिळत असेल असे मला वाटत नाही. तीच २१२.५ केईव्हीची रेषा यिट्रियम-१०० च्या बीटा क्षयानंतरही निघते, परंतु त्या वेळी जोडीदार तुकड्याचे किरण केव्हाच निघून गेलेले असतात. जोडीदाराच्या रेषेशी मेळ घातला की क्षयातून आलेला भाग आपोआप गळतो.

७ फेब्रुवारी

टेल्युरियम-१३४ ची १२७९ ची रेषा अपेक्षेपेक्षा दुबळी का, याचा उलगडा झाला. या अणुकेंद्रकातील ६ कोनीय संवेगाची पातळी १६९१ केईव्हीवर असून तिची अर्धायु सुमारे १६० नॅनोसेकंद आहे. वरून येणारा बहुतेक प्रवाह तिच्यात अडतो आणि मग ११५, २९७ व १२७९ केईव्हीचे किरण सावकाश बाहेर पडतात. वेळेची खिडकी अरुंद ठेवली की हे किरण तिच्याबाहेर राहतात. खिडकी रुंद करताच १२७९ ची उंची वाढली, ११८० ची मात्र फारशी बदलली नाही. झिर्कोनियमच्या दोन रेषांवर अरुंद खिडकी आणि टेल्युरियमसाठी वेगळी रुंद खिडकी, अशी व्यवस्था आता कायम केली आहे.

१३ फेब्रुवारी

सावधगिरीची एक नोंद. टेल्युरियम-१३४ ची २९७.० आणि मॉलिब्डेनम-१०२ ची २९६.६ केईव्ही या दोन रेषा आपल्या डिटेक्टरला वेगळ्या दिसत नाहीत. मॉलिब्डेनमचा जोडीदार टिन असतो, टेल्युरियम नव्हे. त्यामुळे २९७ बरोबर ४४७ केईव्हीची रेषा आली तर मॉलिब्डेनम आणि १२७९ आली तर टेल्युरियम, असे समजावे. केवळ २९७ वर अट घालून काढलेला कोणताही वर्णपट ग्राह्य धरू नये.

झिर्कोनियम-९८ साठी १२२३ आणि ६२०.५ केईव्ही या रेषा वापरल्या. दोन न्यूट्रॉन निघाले असता त्याचा जोडीदार टेल्युरियम-१३६ असतो आणि त्याची ६०७ केईव्हीची रेषा अडचणीच्या जागी बसते. विखंडनातले वेगवान न्यूट्रॉन डिटेक्टरमधील जर्मेनियम-७४ वर आदळून ५९६ केईव्हीला एक शिखर तयार करतात, आणि आदळलेल्या केंद्रकाची प्रतिक्षेप ऊर्जाही त्यात मिळत असल्याने त्या शिखराला उच्च ऊर्जेच्या बाजूने लांब उतार असतो. आमची ६०७ ची रेषा त्या उतारावरच उभी आहे. तीव्रता काढताना तेथे सरळ रेषेची पार्श्वभूमी धरून चालणार नाही, उताराचा आकार वेगळा बसवावा लागेल.

५ मार्च

प्रकल्पाचा गाभा असलेले गणित आज केले.

लांबट अणुकेंद्रक आदर्श रीतीने फिरत असेल तर कोनीय संवेग ‘आय’ असलेल्या पातळीची ऊर्जा आय × (आय + १) या गुणाकाराच्या प्रमाणात असते. त्यामुळे ४ आणि २ या पातळ्यांच्या ऊर्जांचे गुणोत्तर ३.३३ यायला हवे. झिर्कोनियम-९८ मध्ये ते १.५१ आहे, म्हणजे घूर्णनाशी त्याचा संबंध नाही. झिर्कोनियम-१०२ मध्ये ते ३.१५ आहे, म्हणजे घूर्णन जवळजवळ परिपूर्ण आहे. झिर्कोनियम-१०० मध्ये ते २.६६ येते. हा आकडा पाहून ‘१०० हे मधल्या अवस्थेतले, अर्धवट विरूपित अणुकेंद्रक आहे’ असे म्हणण्याचा मोह होतो, आणि काही जुन्या वर्णनांत तसा सूर आढळतोही. मला हा निष्कर्ष मान्य नाही, आणि त्याचे कारण त्याच पट्टीत पुढे दडलेले आहे.

प्रत्येक संक्रमणाची ऊर्जा त्याच्या घूर्णनगुणकाने (दोन्ही पातळ्यांच्या आय × (आय + १) मधील फरकाने) भागून पाहिली. ६ → ४ साठी गुणक २२, म्हणून ४९७ भागिले २२ म्हणजे २२.६. ८ → ६ साठी गुणक ३०, म्हणून २०.९. ४ → २ साठी गुणक १४, म्हणून २५.१. हे तीन आकडे एका संथ, नियमित उतारावर आहेत. वेग वाढला की जडत्व थोडे वाढते, हे सर्वच विरूपित अणुकेंद्रकांत दिसते. आता शेवटचे संक्रमण, २ → ० : २१२.५ भागिले ६ म्हणजे ३५.४. उतार चालू राहिला असता तर हा आकडा २७ च्या आसपास आला असता आणि रेषा २१२ ऐवजी १६० केईव्हीच्या आसपास दिसली असती.

म्हणजे २, ४, ६ आणि ८ या पातळ्या एका सुविरूपित अणुकेंद्रकाला शोभतील अशाच जागी आहेत, बिनसलेले काही असेल तर ते एकट्या तळच्या शून्य पातळीत. ती अपेक्षित जागेपेक्षा सुमारे ५० केईव्ही खाली ढकलली गेली आहे. ढकलणारी पातळी कोणती, हेही ज्ञात आहे. झिर्कोनियम-१०० मध्ये ३३१ केईव्हीवर शून्य कोनीय संवेगाची दुसरी पातळी आहे, आणि ती गोल आकाराची आहे असे मानले जाते. समान कोनीय संवेगाच्या दोन पातळ्या जवळ आल्या की त्या एकमेकींत थोड्या मिसळतात व एकमेकींना दूर लोटतात. दोनच पातळ्यांचा साधा हिशेब केला तर ५० भागिले ३३१, म्हणजे तळच्या पातळीत गोल आकाराचा अंश सुमारे १५ टक्के येतो आणि दोहोंना जोडणारी आंतरक्रिया सुमारे १२० केईव्हीची निघते. ५० हा आकडा उताराच्या अंदाजावर अवलंबून आहे, त्यामुळे १५ टक्क्यांकडेही अंदाज म्हणूनच पाहिले पाहिजे. परंतु चित्राची दिशा त्याने बदलत नाही. गुणोत्तर २.६६ आले ते विरूपण कमी असल्यामुळे नव्हे, तळाशी दोन आकारांची किंचित सरमिसळ झाल्यामुळे. कोनीय संवेग २ पासून वर ती सरमिसळ जवळजवळ दिसत नाही.

शेजारच्या स्ट्रॉन्शियम-९८ वर, ज्यात न्यूट्रॉन ६० च आहेत, हीच कसोटी लावली. तेथे दुसरी शून्य पातळी तर २१५ केईव्हीवर, म्हणजे आणखी खाली आहे, तरी २ → ० च्या संक्रमणातील विचलन बरेच लहान आहे. पातळ्या इतक्या जवळ असून मिसळण कमी, याचा अर्थ दोन आकारांची अंतर्गत रचना एकमेकींपासून फार वेगळी आहे आणि एकीतून दुसरीत जाण्याची वाट अरुंद आहे. बदल इतका अचानक का दिसतो, याचे उत्तर मला याच ठिकाणी दिसते.

१२ मार्च

रचना वेगळी म्हणजे नेमकी कशी, यासंबंधीचे वाचन. फेडरमन आणि पिटेल यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडलेली कल्पना आजही पायाभूत आहे. न्यूट्रॉन ५६ च्या पुढे गेले की ते जी-७/२ या कक्षेत शिरू लागतात. प्रोटॉनांची जी-९/२ कक्षा ही तिची जोडीची कक्षा आहे आणि दोहोंमधील आकर्षण तीव्र असते. गोल अणुकेंद्रकात ४० प्रोटॉनांचे उपकवच भरलेले असते आणि जी-९/२ जवळजवळ रिकामी असते. काही प्रोटॉन उचलून तिच्यात ठेवायला ऊर्जा खर्च होते, परंतु जी-७/२ मध्ये पुरेसे न्यूट्रॉन असतील तर त्या आकर्षणातून खर्चाहून अधिक ऊर्जा परत मिळते आणि संपूर्ण अणुकेंद्रक लांबट होते. जपानमधील तोगाशी, ओत्सुका आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मोठ्या संगणकीय गणिताद्वारे दाखवले की दोन आकारांत प्रोटॉनांची कक्षांमधील वाटणी मुळातूनच निराळी असते, आणि त्यामुळे कक्षांच्या ऊर्जाही त्या त्या आकारानुसार बदलतात. याच अर्थाने त्यांनी या बदलाला क्वांटम प्रावस्था-संक्रमण म्हटले आहे. पाच मार्चच्या नोंदीतील क्षीण मिसळणीशी हे जुळते.

त्रिज्येचा पुरावा स्वतंत्र आहे. फिनलंडमधील युवास्कुला येथे झिर्कोनियम समस्थानिकांवर लेझर वर्णपटमापन करून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांतही ६० न्यूट्रॉनांवर प्रभाराच्या त्रिज्येत अशीच झेप आहे. ते मापन तळच्या पातळीचे आहे, आमच्या पद्धतीशी त्याचा काहीही संबंध नाही, आणि म्हणूनच ते मोलाचे आहे.

२१ मार्च

ऊर्जेवरून आकार सूचित होतो, सिद्ध होत नाही. संक्रमणाचा वेग हा अधिक थेट पुरावा आहे, म्हणून ज्ञात अर्धायुवरून विरूपण काढून पाहिले.

झिर्कोनियम-१०० मधील २१२.५ केईव्हीच्या पातळीची अर्धायु सुमारे ०.५९ नॅनोसेकंद धरली. त्यातून सरासरी आयुर्मान ०.८५ नॅनोसेकंद येते. अंतर्गत रूपांतरणाचा (ऊर्जा गॅमा किरणाऐवजी अणूतील इलेक्ट्रॉनाला मिळण्याचा) सुमारे साडेसात टक्क्यांचा भाग वजा करून संक्रमणाची ताकद काढली तर ती एकट्या प्रोटॉनाकडून अपेक्षित असलेल्या मूल्याच्या जवळजवळ ७५ पट भरते. झिर्कोनियम-९६ मध्ये हीच पट केवळ २.३ आहे. एकच मूलद्रव्य आणि चार न्यूट्रॉनांचा फरक, पण पहिल्यात अनेक प्रोटॉन मिळून फिरत आहेत आणि दुसऱ्यात जवळजवळ एकटा-दुकटा प्रोटॉन हलतो आहे.

या ताकदीवरून विरूपणाचा अंक बीटा ०.३४ येतो, ९६ साठी तो ०.०६ आहे. ०.३४ म्हणजे प्रत्यक्षात किती? सरासरी त्रिज्या ५.६ फेम्टोमीटर धरली तर लांब अक्षाच्या दिशेने ती सुमारे ६.८ आणि आडव्या दिशेने ५.० होते, म्हणजे लांबी रुंदीच्या एक पूर्णांक एक तृतीयांशाहून थोडी अधिक. अंतर्गत चतुर्ध्रुव आघूर्ण (प्रभाराची मांडणी गोलापासून किती ढळली आहे याचे माप) सुमारे ३.२ बार्न भरते. ही गणिते मी हातानेच केली, कारण आज्ञावलीतून आलेला ०.३४ आणि स्वतः वर्गमूळ काढून मिळालेला ०.३४ यांनी मनात उमटणारे चित्र सारखे नसते.

३ एप्रिल

काल मॅडमशी दीर्घ चर्चा झाली. त्यांचा आक्षेप रास्त आहे: ‘‘बीटा वर्गातून येतो, त्याचे चिन्ह तुम्हाला कोणी सांगितले? आकार लांबटच आहे, चपटा नाही, हे तुमच्या विदेत कुठे आहे?’’

ते आमच्या विदेत नाही. चिन्ह मिळवण्यासाठी उत्तेजित पातळीचे स्वतःचे चतुर्ध्रुव आघूर्ण मोजावे लागते आणि त्यासाठी कूलोम उत्तेजन हा मार्ग आहे. किरणोत्सारी अणुकेंद्रकांची शलाका जड लक्ष्यावर इतक्या कमी ऊर्जेने टाकायची की दोन केंद्रके एकमेकांना स्पर्श करणार नाहीत, केवळ विद्युतक्षेत्र काम करील. उत्तेजनाचे प्रमाण विखुरण्याच्या कोनानुसार कसे बदलते त्यात हे आघूर्ण चिन्हासह उतरते. सर्न येथील आयसोल्डेमध्ये मिनीबॉल डिटेक्टर-संचावर स्ट्रॉन्शियम-९६ आणि ९८ यांचे असे मापन झाले आणि ते २०१६ मध्ये क्लेमां व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. ९८ ची तळची पट्टी ठामपणे लांबट निघाली, ९६ मधील आघूर्ण अत्यल्प निघाले, आणि ९८ मधील दुसरी रचना ९६ च्या तळच्या रचनेशी मिळतीजुळती आढळली. क्रम उलटतो या म्हणण्याला याहून स्पष्ट आधार मी तरी पाहिलेला नाही.

मग झिर्कोनियमवर तेच का करू नये? अडचण रसायनाची आहे. झिर्कोनियम आणि मॉलिब्डेनम ही अतिशय उष्णतासह मूलद्रव्ये आहेत. आयसोल्डेच्या तप्त, जाड लक्ष्यातून ती बाष्प होऊन बाहेर येत नाहीत. अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेतील कॅरिबू यंत्रणेत कॅलिफोर्नियमचे विखंडन-तुकडे वायूत थांबवून गोळा करतात, तेथे रसायनाचा हा अडसर नसतो. बेरियम-१४४ आणि रुथेनियम-११० यांवरील कूलोम उत्तेजनाचे प्रयोग तेथेच झाले. जपानच्या रिकेनमध्ये वेगवान युरेनियमच्या शलाकेचे उड्डाणातच विखंडन करतात. तेथून झिर्कोनियम-११० पर्यंत पोहोचता आले असून त्याची पहिली पातळी १८५ केईव्हीवर आहे, म्हणजे ७० न्यूट्रॉनांवरही विरूपण टिकून आहे.

क्रिप्टॉनचाही विचार झाला. क्रिप्टॉन-९६ मध्येही न्यूट्रॉन ६० च आहेत, पण तेथे पहिली पातळी ५५४ केईव्हीवर आहे आणि झेप दिसत नाही. स्ट्रॉन्शियमच्या ३८ प्रोटॉनांना जे साधते ते क्रिप्टॉनच्या ३६ ना साधत नाही. आमच्या चित्रानुसार याचा अर्थ असा की क्रिप्टॉनमध्ये विरूपित रचना ६० न्यूट्रॉनांवर अजून पुरेशी खाली उतरलेली नाही. कोणत्याही सिद्धान्ताची खरी परीक्षा या सीमेवर होईल, असे माझे मत आहे.

१९ एप्रिल

पुढील मापनाचा प्रस्ताव कोणत्या दिशेने करायचा यावर निर्णय झाला. झिर्कोनियम-१०० चे कूलोम उत्तेजन आमच्या आवाक्याबाहेर आहे. आयुर्मानाचे मापन आवाक्यात आहे. जर्मेनियमबरोबर लँथनम ब्रोमाइडचे स्फटिक लावले तर त्यांची वेळेची अचूकता जर्मेनियमपेक्षा कितीतरी सरस असते. ग्रनोबलच्या अणुभट्टीवर २०१२-१३ मध्ये झालेल्या मोहिमेत याच जोडणीने विखंडन-तुकड्यांची आयुर्माने मोजली गेली. निवड जर्मेनियमने करायची आणि वेळ लँथनम ब्रोमाइडने मोजायची, ही विभागणी आम्हीही स्वीकारत आहोत. २१२ ची पातळी यात सहज मोजली जाईल. ५६४ केईव्हीवरची ४ ची पातळी काही दहा पिकोसेकंदांची असेल असा घूर्णनाच्या गणितावरून अंदाज आहे, म्हणजे ती या पद्धतीच्या मर्यादेच्या अगदी जवळ आहे.

तरीही प्रस्तावाचा भर ४ → २ वरच ठेवण्याचा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला. तळच्या पातळीत १५ टक्के मिसळण असेल आणि २ व ४ जवळजवळ शुद्ध विरूपित असतील, तर ४ → २ च्या ताकदीचे २ → ० च्या ताकदीशी असलेले गुणोत्तर आदर्श घूर्णनाच्या १.४३ पेक्षा अधिक, माझ्या हिशेबाने १.७ च्या जवळ यायला हवे. १.४३ च मिळाले तर पाच मार्चचे स्पष्टीकरण टाकून द्यावे लागेल. प्रस्तावात हे दोन्ही आकडे मापनापूर्वीच लिहून ठेवले आहेत. सोमवारपासून २१२ आणि ३५२ केईव्हीच्या रेषांखालील पार्श्वभूमीचा वेळेवर होणारा परिणाम तपासायला घ्यायचा आहे, त्यासाठी ३४० ते ३६५ केईव्हीचा पट्टा वेगळा काढला आहे.